कबरीवरचा खळगा

“आणि ह्यात पाणी कुठं ठेवायचं?”

लाडलेबाबांनी विचारलं, तेव्हा सुभेदार साळोखे नव्या पाटीवरचं गोणपाट सोडत होते. पांढराशुभ्र संगमरवर उन्हात असा झळकला, की त्या म्हाताऱ्या फकिरानं डोळ्यांवर हात धरला.

“पाणी? कसलं पाणी?”

बाबांनी आजूबाजूच्या कबरींकडे बोट केलं.

किल्ल्याच्या पायथ्याचं ते कबरस्तान फार जुनं. कितीतरी लढायांतले शिपाई तिथं निजलेले. कुणाचं नाव पुसलेलं, कुणाचा दगड खचलेला. पण प्रत्येक दगडावर ओंजळीएवढा खळगा होता. बाबा रोज सकाळी त्यात पाणी भरत. पाखरं पिऊन जात.

“पाणी साचून डाग पडतात, बाबा. मीच कारागिराला खळगा नको म्हटलं.”

“बरं केलंत. आरशासारखी झालीय. मिशा छान दिसतात तुमच्या त्यात.”

सुभेदार हसले नाहीत.

“काय लिहिलंय? मला वाचता येत नाही.”

“शहीद नायक बाबालाल आत्तार. आणि खाली... पाटी देणार, शौर्यपदक विजेते सुभेदार गणपतराव साळोखे.”

“खालची अक्षरं मोठी दिसतात. ह्यातला मेला कोण? वरचा की खालचा?”

सुभेदारांचा चेहरा खर्रकन उतरला. गावात त्यांच्याशी असं कुणी बोलत नसे.

बाबालाल त्यांच्याच आळीतला, त्यांच्याच पलटणीतला. ‘एका गोळीत गेला, हाक मारायलाही वेळ मिळाला नाही,’ असं सुभेदार चाळीस वर्षं सांगत आले होते. त्याच्या आईलाही त्यांनी तेच सांगितलं होतं. ती ते ऐकून निवांत झाली होती, आणि तशीच गेली.

सुभेदार बाबालालच्या कबरीवरच्या जुन्या दगडाजवळ उकिडवे बसले. त्याच्या खळग्यात लिंबाचं एक पिवळं पान तरंगत होतं.

“बाबा... तो एका गोळीत गेला नाही.”

बाबा शेजारी येऊन टेकले.

“पाणी मागत होता. माझ्या बाटलीत होतं. मी म्हटलं, दम धर, टेकडी घेतो आणि आलोच...”

“घेतलीत टेकडी?”

“घेतली. तिचंच पदक मिळालं.”

“आणि आलात कधी?”

“...सांजेला.”

बाबांनी पान उचललं. खळग्यातलं शिळं पाणी फडक्यानं टिपलं, आणि आपला तोटीचा लोटा सुभेदारांच्या हातात दिला.

सुभेदारांनी पाणी ओतलं. खळगा भरला तरी ते ओततच राहिले; निम्मं दगडावरून ओघळून मातीत जिरलं. मग ते कबरीशी ताठ उभे राहिले, पहाऱ्यावर उभे असल्यासारखे.

लिंबाच्या फांदीवर एक साळुंकी येऊन बसली. उन्हानं तिची चोच उघडीच होती. मान तिरकी करून तिनं खळग्याकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. पण खाली उतरेना.

बराच वेळ गेला...

“का येत नाही, बाबा?” सुभेदारांनी विचारलं. “माझ्या हातचं नको का तिला?”

“सुभेदार,” बाबा हळूच म्हणाले, “जरा मागं सरा.”