थोंगदीचा लांबलेला नाच

सयाम देशातल्या एका गावात थोंगदीचा मुष्टियुद्धाचा आखाडा होता. एकदा एक मिशाळ सेनापती तिथे येऊन गरजला, "ही विद्या रणांगणात जन्मली आणि तुम्ही तिचा पोरखेळ केलात! माझ्याशी लढ. हरलास तर आखाडा बंद!" मुठी उगारून तो समोर ठाकला.

थोंगदीही रिंगणात उतरला. पण लढतीआधी नाचायचा रिवाज म्हणजे रिवाज! त्याने आधी गुरूला वंदन केलं आणि सनईच्या सुरावर सावकाश नाचू लागला.

सेनापतीचे हात भरून आले. "अरे नाच्या, रणांगणात शत्रू इतका वेळ थांबेल का?"

"थांबतो की, सरकार!" थोंगदी गिरकी घेत म्हणाला. "आपण मघापासून थांबलाच आहात. शिवाय एकही ठोसा न खाता आपले हात दुखायला लागले!"

सेनापतीलाही हसू आवरेना आणि त्याने मुठी खाली घेतल्या. आखाडा वाचला. तिथला नाच मात्र तेव्हापासून लांबतच गेला.