दोरीवरचा बँड

जुन्या कोळशाच्या वीजकेंद्राला मुदतवाढ नको, सौर वीज घ्या, असं सांगायला सुलभाताई वकील गावाच्या बाजूने सुनावणीत उभ्या होत्या. डोळ्यांपुढे मात्र अजून पहाटेचं गाव तरंगत होतं, दोरीवर ढगांसारखे करडे कपडे वाळत घातलेलं.

"गावात राखेचा कणही पडत नाही!" कंपनीचे वकील दारव्हेकर गरजले.

ताईंनी पिशवीतून वकिलांचा गळ्यात बांधायचा पांढरा बँड काढला; तो आता करडा दिसत होता. "काल धुऊन गावातल्याच दोरीवर वाळत घातला होता. जरा बांधून दाखवा."

दारव्हेकर झटकन मागे सरले. "शी! ही राख मी गळ्यात बांधू?"

ताई स्वप्नातून बोलल्यासारख्या हळूच अध्यक्षांना म्हणाल्या, "नोंद घ्या, साहेब. मी फक्त कापड दिलं. राख यांनी ओळखली."