न उलटणारी छत्री

घाट जिथून चढायला लागतो तिथे एक गाव होतं, आणि त्या गावात छत्र्या करणारा एक म्हातारा होता. त्याचं नाव कुणाला आठवत नाही. सगळे त्याला छत्रीवालाच म्हणत.

तो घाट म्हणजे अर्ध्या दिवसाची चढण. खालचा निम्मा उघडा काळा कातळ, झाड औषधाला नाही, डोक्याची कवटी तडकेल असं ऊन. वरच्या निम्म्यावर ढग बसलेला, तिथे गेलं की पाऊस. घोंगडी पावसाला बरी, पण उन्हात ती खांद्यावर घेऊन चढा म्हणजे कळेल. आणि भिजली की वासराएवढी जड होते. म्हणून आख्खी पंचक्रोशी या म्हाताऱ्याची छत्री घेई. बांबूच्या काड्या, वर मेण चोळलेलं कापड, आणि वजन इतकं कमी की दोन बोटांत धरावी. खाली तीच सावली देई, वर तीच पाऊस अडवी.

पण तिच्यात एक खोट होती. घाटमाथ्याच्या अलीकडे एक खिंड लागे. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खोल दरी, आणि दरीतून वर येऊन कड्याला आपटून माघारी फिरणारा वारा. तिथे गेलं की छत्री उलटायचीच. एक झटका दिला की पुन्हा सरळ, काडी मोडायची नाही. पण तेवढ्यात माणूस भिजायचा आणि मागचे हसायचे. लोकांची जात अशीच. घाटभर मिळालेली सावली विसरतात, घटकाभर भिजलेलं जन्मभर सांगतात.

म्हाताऱ्याला एकच लेक. तिचा नवरा घरजावई म्हणून आला आणि सासऱ्याच्या हाताखाली बसला. बोटं चांगली, डोकं तापट. म्हातारा प्रत्येक काडी टोकापासून चार बोटांवर सुरीनं तासून बारीक करी. जावयानं विचारलं, मामा, इथे का तासायचं, इथेच तर ती वाकते.

म्हातारा म्हणाला, "तास म्हटलं की तासायचं."

पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच, वर एक शिवी. म्हाताऱ्याचा उजवा हात कानाच्या वर जात नसे. छत्रीवाला असून त्याला त्या हातानं डोक्यावर छत्री धरता येत नव्हती. विचारलं की म्हणे, तरणा होतो तेव्हा फणसावरून पडलो. त्यापुढे बोलायचा नाही.

एका बाजाराच्या दिवशी तुपवाली मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, "छत्रीवाल्या, तुझी छत्री नव्या नवरीसारखी रे. वारा समोर आला की तोंड फिरवते." बाजार हसला. म्हातारा तंबाखू मळत बसला. जावयाचे मात्र कान तापले.

त्यानं गोठ्यात लपून आठ दिवस एक छत्री केली. काड्या तासल्या नाहीत, जिथल्या तिथे पुऱ्या जाडीच्या ठेवल्या. सांध्यांना तांब्याची तार गुंडाळली. हातातून सुटू नये म्हणून मुठीला तीन पदरी गोफाचा फास लावला, मनगटात अडकवायला. वजन वाढलं ते नावापुरतंच. गोठ्याच्या दारात धरून त्यानं ती खूप हलवली. हूं नाही की चूं नाही.

पुढच्या आठवड्यात बायकोला घाटावर चुलतबहिणीकडे बारशाला जायचं होतं. त्यानं तिला ती छत्री दिली. ती म्हणाली, "आबांना दाखवलीत?"

"तू वर जाऊन ये, मग दाखवतो. आता बघूच कोण हसतं ते."

आणि तो मजा बघायला स्वतःही निघाला. सुरी कमरेलाच होती, कारागिराची ती सुटत नाही.

कातळावर उन्हात छत्रीनं चांगली सावली दिली. वाटेत तुपवाली मावशी भेटली, डोक्यावर तुपाची हंडी, हातात म्हाताऱ्याची जुनी छत्री. ढगात शिरले, पाऊस लागला. मग खिंड आली.

मावशीची छत्री फटकन् उलटली. तिनं शिवी हासडली, झटका देऊन सरळ केली. बायकोची छत्री देवळाच्या कळसासारखी ताठ. जावयाची छाती फुगली. तो म्हणाला, "मावशी, बघा. ही नवरी तोंड फिरवत नाही."

शब्द पुरता तोंडातून निघाला नव्हता, तोवर बायकोचे पाय जमिनीवर नव्हते.

ती ओरडली नाही. तिनं नुसतं त्याच्याकडे बघितलं, हे काय चाललंय, असं. वारा तिला दरीकडे ओढत होता. अंगठे कातळावर घासत होते, फास मनगटात रुतला होता. मूठ तिनं कधीच सोडली होती, पण फास सोडत नव्हता. सोडू नये म्हणूनच तर लावला होता. आणि हा उभाच.  दरी सात पावलांवर होती, मग पाच.

पाचाला तो भानावर आला. त्यानं झेप घेऊन तिची कंबर धरली, तर दोघंही ओढले जायला लागले. आणि ज्यानं आठ दिवस खपून छत्री उलटू नये अशी केली होती, तोच त्या छत्रीकडे बघून रडकुंडीला येऊन म्हणत होता, "उलट. उलट बाई, तुझ्या पाया पडतो, एकदा उलट."

ती कशाला उलटते.

मावशीनं हंडी टाकली. तूप कातळावर सांडलं, पण तिनं तिकडे बघितलं नाही. ती धबकन् त्याच्या पायांवर बसली. अंगानं भक्कम होती, म्हणून ओढ थांबली. म्हणाली, "मेल्या, सुरी आहे ना तुझ्याकडे? काप."

त्यानं सुरी काढली. स्वतः वळलेला गोफ, पक्का. पहिल्या घावाला एक पदर, दुसऱ्याला दुसरा. तिसऱ्याला छत्री सुटली. ती दरीवर उंच गेली, तरंगली, मग हळूहळू ढगात खाली उतरली. दिसेनाशी होईपर्यंत ताठ होती.

बायकोचा उजवा खांदा निखळला होता. झोळी करून दोघांनी तिला खाली आणलं.

म्हातारा अंगणात काड्या तासत होता. त्यानं लेकीच्या मनगटावरचा वळ बघितला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. तिला उताणी निजवलं, तिच्या काखेत टाच लावली, डाव्या हातानं तिचा हात धरून सावकाश ओढला. खटकन् खांदा बसला. कुठे लावायचं, किती ओढायचं, त्याला सगळं ठाऊक होतं.

मग तो म्हणाला, "फणसावर मी जन्मात चढलो नाही."

 कुणी कानफटात मारावी तसा जावयाचा चेहरा झाला. म्हणाला, "मामा, मग सांगितलं का नाहीत?"

"पक्की छत्री आधी मीच केली होती. पैज मारून, मनगटाला बांधून. कुठल्या तोंडानं सांगू?"

निजल्या निजल्या लेक म्हणाली, "एकानं सांगितलं नाही, दुसऱ्यानं ऐकलं नाही, आणि खांदा मात्र माझा निखळला."



तेव्हापासून जावई काडी तासतो आणि गिऱ्हाइकाला का तासली तेही सांगतो. कुणाला पटलं नाही तर म्हातारा कुरकुरत उजवा हात वर करून दाखवतो, जाईल तेवढा. आणि तुपवाली मावशी नवी छत्री घ्यायला आली की आधी ती वाऱ्याकडे धरते. फटकन् उलटली तरच घेते.

तात्पर्य: वाकतं त्याला कच्चं म्हणू नका, आणि जे कशालाच वाकत नाही ते मनगटाला बांधू नका. आणि म्हाताऱ्यांनो, नुसतं "तास" म्हणू नका, का ते सांगा. लाज गेली तर गेली, लेक तरी हाती राहील.