अर्धा चेहरा

“पण बाई, यात चुकलं काय?” निरंजनने पुन्हा विचारलं.

डॉ. शेवंता गजभिये चष्मा पुसत राहिल्या. पोलिसांना सापडलेल्या कवटीवरून त्या माणसाचा चेहरा मातीत घडवायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. भलेभले डॉक्टर त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात, आणि त्या आल्या की आपोआप उभे राहतात. शेजारच्या खोलीत काम करणारा मीही उभा राहतो.

निरंजन पाठारे त्यांचा शिष्य. शिल्पकलेतलं सुवर्णपदक घेऊन आलेला. हाताला विलक्षण गुण, आणि तो त्याला जरा जास्तच ठाऊक.

टेबलावर त्याने घडवलेलं डोकं होतं. नदीपात्रात सापडलेल्या कवटीची प्लास्टरची नक्कल, तिच्यावर चढवलेली माती. भुरभुरते केस, कोरीव मिशी, ओठांच्या कोपऱ्यात हसू. आता बोलेल असं वाटावं, इतकं देखणं.

पण ज्ञानू खरात मघाशी ते पाहून ‘न्हाय’ म्हणाले होते आणि बाहेर बाकावर जाऊन बसले होते. माणदेशातले मेंढपाळ. त्यांचा मुलगा बिरू कामाला म्हणून गेला तो परतलाच नाही. ही कवटी कुणाचीच ठरली नाही, तर बेवारस म्हणून पुरली जाणार होती, आणि म्हातारा पुन्हा कुठल्यातरी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढणार होता. बिरूची आई अजून रात्री दाराला कडी लावत नाही, एवढंच ते आल्यावर बोलले होते.

“कवटी दुसऱ्या कुणाची असेल,” निरंजन म्हणाला. “माझी मापं बरोबर आहेत.”

“आहेत. मी तपासली. इतकी नेमकी मापं तुझ्या वयात मला जमत नव्हती.”

निरंजन खुलला.

“हे हसू कुठून आणलंस?”

निरंजन त्या डोक्याकडे पाहू लागला.

“आणि मिशी?”

“त्याशिवाय चेहऱ्यात जीव कसा येणार, बाई?”

बाईंनी फडकं ओलं केलं आणि मिशी पुसली. मग हसू. मग केस.

निरंजन ताडकन उठला आणि तसाच उभा राहिला. एवढ्या मेहनतीवर फडकं फिरताना पाहून मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

मागे राहिलं ते फक्त हाडाने सांगितलेलं. रुंद जबडा. पुढे आलेल्या दातांमुळे न मिटणारे ओठ. कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं नाक.

बाईंनी खरातांना आत बोलावलं.

ते दारातच थांबले...

मग सावकाश पुढे आले आणि त्या वाकड्या नाकावरून अंगठा फिरवला.

“एडक्यानं ढुशी दिलती,” ते म्हणाले. “धाकला व्हता तवा.”

बाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. ते बसले नाहीत.

“मघा कोन पावना दावला व्हता?” त्यांनी निरंजनला विचारलं. विचारण्यात राग नव्हता.

निरंजनने मान खाली घातली.

रक्ताचा नमुना देऊन खरात निघाले. दाराशी वळून बाईंना म्हणाले, “तिला सांगतो आता... कडी लाव म्हून.”

पुढे डीएनए तपासणीनेही तो बिरूच ठरला. अहवाल आला त्या दिवशी निरंजन बाईंसमोर जाऊन उभा राहिला. या वेळी त्याचा आवाज खाली होता.

“मी पुरा घडवला, तेव्हा बाप नाही म्हणाला. तुम्ही अर्धाच ठेवलात, आणि त्याने ओळखला. असं कसं, बाई?”

बाई नव्या कवटीला हात लावण्याआधी हात धूत होत्या. त्यांनी नळ बंद केला.

“उरलेला अर्धा त्यांच्यापाशी होता.”