ऋजुताचा वरचा ओठ

“आणि हसशील तेव्हा?” गोदाक्कांनी विचारलं.

“तेव्हाच तर दिसेल तो, अक्का. आता हसले की आत जातो.”

“कुठं आत?”

“आत... दातांवर चिकटतो. नाहीसाच होतो.”

गोदाक्का तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. त्या सगळ्यांच्याच तोंडाकडे असं बघत. बरीच वर्षं झाली, त्यांना ऐकू येत नव्हतं. आधी तार सप्तक गेलं. मग मधलं. शेवटी एका सकाळी तानपुराही गेला. तारा थरथरताना दिसत होत्या आणि खोली गप्प होती.

तरी त्यांनी शिकवणं सोडलं नाही. माणसाचं बोलणं त्या ओठांवरून वाचत, आणि गाणंही तसंच. गाणारीनं श्वास कुठं चोरला, स्वर कुठं घाबरला, ते त्यांना बरोबर दिसे. एक भुवई वर जाई. त्या भुवईला त्यांच्या साऱ्या शिष्या घाबरत.

श्रावणातलं धुकं पन्हाळ्यावर उतरलेलं होतं. खिडकी उघडीच होती, त्यामुळे ते आत येऊन सतरंजीवर बसल्यासारखं वाटत होतं. बाहेर कोणीतरी कणसं भाजत होतं. वास येत होता, माणूस दिसत नव्हता.

ऋजुता पुण्याहून आली होती. लहान असताना आईचं बोट धरून ती कोल्हापुरातून वर गडावर शिकायला यायची. आता पुण्यात तिचं नाव झालं होतं. मैफली होत होत्या, रेकॉर्डिंग होत होतं. या खोलीत ती कित्येक महिन्यांनी पाऊल टाकत होती.

“याला लिप फ्लिप म्हणतात,” ती म्हणाली. “वरच्या ओठाच्या कडेला अगदी बारीक सुईनं औषधाचे थेंब देतात. तिथला स्नायू सैल पडतो आणि ओठ जरासा बाहेर वळतो. भरत वगैरे काही नाहीत त्यात. कोणाला कळणारसुद्धा नाही.”

“सावकाश बोल. धावतायत तुझे शब्द.”

ती थांबली. घाटभर हेच घोकत आली होती ती. म्हणून धावत होते.

“कोणाला कळणार नाही म्हणतेस?”

“नाही.”

“मग करायचं कशाला?”

“मला कळेल ना!”

गोदाक्कांनी मान हलवली. हे त्यांना पटलेलं दिसलं.

“दुखतं?”

“मुंगी चावल्यासारखं, म्हणतात.”

“राहतं किती दिवस?”

“दोन-तीन महिने. मग आपोआप उतरतं. हवं तर पुन्हा घ्यायचं.”

“आणि गाणं?”

ऋजुतानं हा प्रश्न येणार हे धरलेलंच होतं. “डॉक्टर म्हणाल्या, थोडे दिवस स्ट्रॉनं प्यायला जड जातं. शीळ वाजत नाही नीट. एखादा शब्द सैल पडल्यासारखा वाटतो. पण आवाज काय ओठातून येतो का, अक्का? गळ्यातून येतो.”

भुवई वर गेली नाही.

“तू विचारायला आलीस की सांगायला?”

ऋजुतानं मान ताठ केली. “सांगायला.”

“बरं झालं. विचारायला आली असतीस तर मला उत्तर द्यावं लागलं असतं.”

...

ऋजुताला राग आला. अक्का रागावतील, नको म्हणतील, आमच्या वेळी असलं नव्हतं म्हणतील, असं धरून तिनं एकेका वाक्याला उत्तर तयार ठेवलं होतं. ती सगळी उत्तरं आता तिच्याकडेच पडून राहिली.

“तुम्ही तरी कानाचं यंत्र का लावत नाही?” ती एकदम म्हणाली. “मागे आणून दिलं होतं शेजारच्या शिंत्र्यांनी. कपाटात पडलंय ना ते?”

बोलून झाल्यावर तिची तिलाच लाज वाटली.

“कानामागं शोभत नाही गं,” गोदाक्का म्हणाल्या. “म्हातारी दिसते मी त्यात.”

ऋजुताला हसू फुटलं. हसता हसता तिचा हात आपोआप तोंडावर गेला आणि ओठ झाकून तिथंच राहिला.

“हात,” गोदाक्का म्हणाल्या. “हात मध्ये आला की मी बहिरी होते.”

तिनं हात खाली घेतला.

“हे कोण म्हणालं तुला, ओठ नाहीसा होतो म्हणून?”

ऋजुतानं मोबाइल काढला. फाल्गुनातल्या एका मैफलीचा व्हिडिओ होता तो. कॅमेरा अगदी चेहऱ्यापाशी. खाली लोकांनी भरभरून लिहिलं होतं, डोळ्यांत पाणी आलं, अंगावर काटा आला. आणि त्यात एक ओळ होती. ‘आवाज गोडच, पण गाताना वरचा ओठ कुठे जातो बाईंचा?’ त्या ओळीखाली पुष्कळ हसरे चेहरे होते. कोणीतरी तर तेवढाच तुकडा कापून, संथ करून, पुन्हा टाकला होता.

“हा कोण?” गोदाक्कांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

“ओळखत नाही मी.”

“आणि हे हसणारे?”

“यांनाही नाही ओळखत.”

गोदाक्कांनी मग त्या ओळीकडे पुन्हा पाहिलं नाही. व्हिडिओ मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. चष्मा पुसून पाहिला. मोबाइल मांडीवर, डोळे त्या इवल्याशा तोंडावर, आणि उजव्या हाताचं बोट सतरंजीवर मात्रा मोजत होतं. खोलीत आवाज फक्त ऋजुताला ऐकू येत होता. स्वतःचाच आवाज, काही महिन्यांपूर्वीचा. तो किती मोठा होता!

“चांगली गायलीस,” गोदाक्का म्हणाल्या. “त्या आलापाच्या शेवटी तर... चांगली गायलीस.”

आठ-दहा वर्षांचं शिकणं झालं, पण हे दोन शब्द ऋजुतानं त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

“आता गा.”

“आत्ता?”

“मग काय पुढच्या श्रावणात?”

ऋजुतानं तानपुरा जवळ ओढला. खुंट्या धुक्यानं ओलसर झाल्या होत्या, लावायला वेळ लागला. गोदाक्का जवळ सरकल्या. तिनं डोळे मिटले आणि ‘आ’ म्हणत तोडी रागाचा आकार लावला. सावकाश, एकेक स्वर घेत पुढं गेली. धुकं ऐकत असल्यासारखं स्थिर होतं.

गांधारावर ती पोचते न पोचते तोच गोदाक्कांचा हात तारांवर पडला. तानपुरा गप्प झाला.

“आधी सांगायचं होतंस मला.”

“काय, अक्का?”

“औषध घेऊन आलीयेस ते.”

“नाही हो! अजून नाही घेतलं. येत्या गुरुवारी आहे.”

“घेतलं नाहीस?”

“नाही. खरंच नाही.”

गोदाक्का पुढे वाकल्या. तिचं तोंड त्यांनी पुन्हा एकदा नीट पाहिलं.

“मग हा ओठ हलत का नाही?”

...

ऋजुतानं ओठाला बोट लावलं. थंड होता ओठ. दातांवर घट्ट ओढून धरलेला, एखादा पडदा कोणी आतून धरून ठेवावा तसा. तिनं तो सोडायचा प्रयत्न केला. सुटेना.

मग एकेक गोष्ट तिच्या ध्यानात येत गेली. गेल्या मैफलीत तबलजी दोनदा म्हणाले होते, माइक जरा जवळ घ्या. एका बाईंनी कौतुकानं म्हटलं होतं, अलीकडे तुमचा आवाज किती नाजूक झालाय हो. ती स्वतः महिनाभर ज्येष्ठमध चघळत होती. गळा बसलाय असं तिला वाटत होतं. घशाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आली होती. गळ्यात काहीच नाही, म्हणाले होते ते.

गळ्यात खरंच काही नव्हतं.

“म्हणजे जाऊ नको असंच म्हणायचंय तुम्हाला,” ती म्हणाली. डोळे भरून आले होते, म्हणून आवाज कडक निघाला.

“मी कुठं असं म्हटलं? हलत का नाही, एवढंच विचारलं.”

“मला नाही माहीत.”

“मलाही नाही.”

गोदाक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. खुंटीवरची शाल काढली, अंगाभोवती गुंडाळली आणि दाराशी जाऊन म्हणाल्या, “चल.”

घरामागून एक पायवाट तटाकडे जात होती. एरवी तिथून खालची दरी, शेतं, दूरवरची गावं दिसत. आज काही नव्हतं. दहा पावलांवरचं झाड नव्हतं, मग पाच पावलांवरचा दगडही नव्हता. ऋजुताला स्वतःचे पाय दिसत होते, तेही कोणा दुसरीचे असावेत तसे. ओल्या गवताचा वास. खाली कुठंतरी एखाद्या गुराच्या गळ्यातली घंटा वाजली, आणि ती खाली आहे की वर, हेही तिला सांगता आलं नसतं.

गोदाक्का तिच्या मागं उभ्या राहिल्या. तळहात तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये ठेवला. उबदार होता हात.

“गा.”

“इथं? कोणी बघेल...”

ती बोलली आणि तिच्या लक्षात आलं, अक्कांना तिचं तोंड दिसत नाहीये. तिचं बोलणं या जगात आत्ता कोणालाच पोचत नव्हतं. मागं वळून पाहिलं तर अक्काही दिसेनात, नुसती शालीची एक करडी कड. पाठीवरचा हात मात्र होता.

तिनं तोंड उघडलं. पहिला स्वर मघाच्यासारखाच निघाला, बारीक, चोरटा. हात हलला नाही.

दुसरा निघाला. हात तसाच.

तिसऱ्या वेळी धुकं सरळ तिच्या तोंडात शिरलं, गार, ओलं, आणि तिला खोकला आला. खोकून झाल्यावर ती क्षणभर विसरली, की आपण काय धरून ठेवलं होतं. आणि त्या विसरण्यातच आकार लागला.

तो कुठून आला ते तिला कळलं नाही. पोटातून, पायांखालच्या तटातून, कुठूनही आला असेल. तो मोठा होत गेला. तोंड उघडत गेलं. ओठ वर गेला की आत गेला की कुठं गेला, कोण बघायला होतं? धुक्याला तोंड नव्हतं आणि तिलाही उरलं नव्हतं. नुसतं एक उघडणं होतं. गांधार आला, त्यावर ती थांबली, आणि स्वर दरीवर पसरला. तो परत आला तेव्हा आपल्याहून मोठा होऊन आला, जणू पलीकडच्या कड्यावर आणखी कोणी गाणारी उभी होती.

पाठीवरचा हात आता थरथरत होता. तो हात थरथरतोय की पाठ, हे कळायला मार्ग नव्हता.

किती वेळ गेला, कोण जाणे. गाणं संपलं तेव्हा घंटा थांबली होती. कणसांचा वास धुक्यातून इथवर येत होता. झाडावरून एक थेंब तिच्या कपाळावर पडला.

तिनं मागं हात नेला आणि पाठीवरचा तो हात धरून पुढं आणला. शिकत असताना गडावर वीज गेली की गोदाक्का बोटांनी बोलणं वाचत. अंधारात शिष्येच्या ओठांवर दोन बोटं ठेवत आणि म्हणत, हं, सांग. तशीच ती दोन बोटं ऋजुतानं आपल्या वरच्या ओठावर ठेवली. सुरकुतलेली, गार झालेली बोटं.

आणि मग, पुण्याहून निघाल्यापासून पहिल्यांदा, तिनं विचारलं.

“अक्का... जाऊ का मी गुरुवारी?”

बोटं हलली नाहीत. धुकंही हललं नाही. तिनं वाट पाहिली. पुन्हा विचारावं असं तिच्या मनात आलं, पण ओठावरची बोटं इतकी लक्ष देऊन ठेवलेली होती, की तिला ती हलवावीशी वाटेनात.

बहिरेपणामुळं गोदाक्कांना आपल्या आवाजाचा अंदाज राहिला नव्हता. कधी फार मोठ्यानं बोलत, कधी ओठांतल्या ओठांत. पण या वेळी धुक्यातून त्यांचा आवाज आला तो अगदी जेवढा हवा तेवढाच.

“काय विचारलंस ते कळलं नाही गं...” त्या म्हणाल्या. “ओठ अजून गात होता.”