खिडकीची जागा

उपचारासाठी मुंबईला येतानाच निनावे मास्तरांनी चार विमान कंपन्या ताडून पाहिल्या आणि सर्वांत स्वस्त कंपनीची, दोघांची नागपूरची परतीची तिकिटं काढून ठेवली. मास्तरांनी इस्पितळातच प्राण सोडला. त्यांच्या पत्नीने, वनमालाबाईंनी, त्या तिकिटाचे पैसे परत मागितले, तर कंपनीने लेखी कळवलं, "प्रवासी वारला तरी तिकीट रद्द होत नाही. जागा त्यांच्याच नावावर राहील."

विमानतळावर बाईंच्या एका हातात पिशवी होती, दुसऱ्यात अस्थिकलश. काउंटरवरचा साहेब गुरकावला, "एका प्रवाशाला एकच नग!"

"पिशवी माझा नग," दोन्ही तिकिटं पुढे करत बाई म्हणाल्या, "आणि हे प्रवासी. जागा यांच्याच नावावर आहे, तुम्हीच लिहून दिलंय."

साहेबाने दोघांनाही सोडलं. मास्तरांच्या खिडकीच्या जागेवर कलश ठेवून बाईंनी पट्टा आवळला, आणि नागपूर येईपर्यंत एकदाही बाहेर पाहिलं नाही.