शेवाळातली लाल अळंबी

एका राज्यात विश्वंभर नावाचा राजा होता. महालाच्या खांबांसाठी त्याने एका मांत्रिकाचं रान तोडलं. मांत्रिक म्हणाला, "माझं रान आडवं केलंस, राजा. आता तुझं राज्य हिरवं होईल."

आणि तसंच झालं. माणसं जागच्या जागी थिजली, पावलांपासून शेवाळ चढू लागलं. जात्यावरची बाई जात्यापाशी हिरवी झाली, पाळण्यातलं मूल पाळण्यात. राजाची दोन लेकरं तेवढी मांत्रिकाने मोकळी ठेवली, बापाचे हाल बघायला.

उतारा एकच होता. तोडलेल्या रानात, शेवाळात, एक लाल अळंबी उगवते. तिचा रस राजाच्या कपाळी लावायचा. राजपुत्र केतुमान घोडा उधळत गेला, तो परतलाच नाही.

राहिली धाकटी हरिणाक्षी. पाल चुकचुकली तरी दचकणारी. केतुमान दारामागे लपून "भॉक!" करायचा, अन् हिच्या हातातलं तबक खणखणत खाली पडायचं. शेवाळ राजाच्या ओठांशी आलं, तेव्हा तीच निघाली.

वेशीवरच्या झाडावर बसलेल्या पिंगळा घुबडाने हटकलं. "कुठे, राजकन्ये?"

"अळंबी आणायला."

"तू? तुला तर माझीच भीती वाटतेय."

"वाटतेय. तरी वाट सांग."

"तीन गोष्टी सांभाळ. अनवाणी जा. मागून हाक आली तर वळू नकोस. आणि अळंबी दिसली की एका झटक्यात उपट. तिच्याशी बोलत बसू नकोस."

ती अनवाणी गेली. मागून बापाच्या आवाजात हाक आली, "पोरी, घोटभर पाणी दे गं." ती रडली, पण वळली नाही. भीतीने मान वर होत नव्हती, म्हणूनच पायाशी ती दिसली: गुंजेसारखी लाल, नखाएवढी.

"आलीस, भित्री भागूबाई?" अळंबी म्हणाली.

"दादा?"

"घोड्याच्या टापेखाली खरी अळंबी चिरडली गं. जो चिरडेल, त्याने तिच्या जागी उगवायचं. आता अळंबी मीच."

"आणि तुला उपटलं तर?"

"तर मी संपलो. पण तातांचा श्वास मोकळा होईल."

"मला नाही जमायचं."

"शेवाळ नाकाशी पोचलं असेल, हरिणे."

तिने हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. बोटं देठाला लागली आणि तिथेच गोठली.

"बरं, राहू दे," अळंबी म्हणाली. "हात मात्र काढू नकोस. डोळे मीट."

तिने मिटले. रानात काहीच हललं नाही.

"भॉक!"

ती दचकली. हाताला हिसका बसला. डोळे उघडले तेव्हा मुठीत नखाएवढं लाल काहीतरी होतं, आणि ते आता बोलत नव्हतं.

रस कपाळी लागला. शेवाळ गळून पडलं. जातं फिरलं, पाळण्यात मूल रडलं. राजाने पहिलं विचारलं, "केतुमान कुठे आहे?" तिने लाल तळहात उघडून दाखवला.

राजाने महाल मोडला, रान पुन्हा लावलं. शाप सुटला, राज्य सावरलं. कहाणी इथं थांबली. हरिणाक्षी मात्र प्रत्येक दारापाशी क्षणभर थांबते, आणि कुणी दचकवत नाही म्हणून डोळे पुसते.